फोन माझ्या हातात ठेवून शिकवायचं कसं, हे घरच्यांना कसं समजवावं?

एक्स्चेंजवाली (सांगली)

नमस्कार. वय ७२. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून १९७४ साली लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलते, तो लिहून देतो, मग चुका मी बोटाने दुरुस्त करते. त्यामुळे थोडं लांबेल.

आमच्या वयाच्या लोकांना यंत्राची भीती वाटते, असं सारखं कानावर येतं. मला ते पटत नाही. ट्रंक बोर्डावर बसून परगावचे कॉल हाताने जोडून देणारी बाई यंत्राला कशी भिईल? समोर दिव्यांची रांग, हातात दोऱ्या, कानाला हेडसेट. कॉल ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग, प्रत्येकाचा क्रम डोक्यात ठेवायचा, तिकिटावर वेळ टाकायची आणि त्याच वेळी पलीकडच्या ऑपरेटरशी बोलायचं. पुढे एसटीडी आलं, लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवायला लागले, बोर्ड गेला, मी १९७ या चौकशीच्या नंबरावर बसले आणि संगणकावर नंबर शोधून द्यायला लागले. तेही जमलं. मग आता हातभर अंतरावरचा फोन का जमू नये?

मला वाटतं, फरक शिकवण्यात आहे. बोर्डावर मी नवीन होते तेव्हा एक जुन्या बाई शेजारी बसायच्या. माझं बोलणं त्यांच्याही कानात यायचं, पण दोरी माझ्या हातात. मी चुकीच्या जॅकमध्ये घालायला लागले की त्या तोंडाने सांगायच्या, हात लावायच्या नाहीत. आता मुलगा पुण्याहून येतो, मी काही विचारलं की "आण इकडे" म्हणतो. त्याचा अंगठा काचेवरून सर्रकन फिरतो आणि "झालं बघ" म्हणून फोन परत येतो. झालेलं असतं खरं. पण मी काय पाहिलं? काहीच नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं, पुन्हा "आण इकडे". मुलगा गुणी आहे, मनापासून करतो, म्हणूनच बोलायला जड जातं. बँकेतही तेच. काउंटरवरची मुलगी विचारते, "आजी, घरी कोणी नाही का करून द्यायला?"

मला करून द्यायला कोणी नकोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीत लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या वेळी ते ५७ च्या वर गेलं. लँडलाइन मुकी झालेली. पातळी किती, कोयनेतून किती सोडलंय, सगळं येत होतं ते फोनवर, आणि मी समोरच्या गच्चीतल्या पोराला हाका मारून विचारत होते. तेव्हापासून मनात पक्कं आहे, हे मला स्वतःला बघता आलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, ती कोणी बोलत नाही. खात्यात शिल्लक किती, डॉक्टरांच्या रिपोर्टात काय आलं, बहिणीने मला काय लिहिलं, हे सगळं आता मुलाच्या हातून माझ्यापर्यंत येतं. त्याच्यापासून काही लपवायचं नाहीये. पण आयुष्यभर माझं पासबुक मी सांभाळलंय.

तर अडचणी अशा आहेत:

बोट टेकवलं की फोनला वाटतं मी दाबून धरलं. उघडायला जाते ते उघडत नाही, त्यावर बरोबरची खूण येते आणि वरच्या कडेला कचऱ्याचा डबा दिसायला लागतो. मग भराभर मागे यायचं.

ओटीपीची पट्टी वरून येते आणि वाचेपर्यंत जाते. मेसेजमध्ये जाऊन आकडा बघून परत यावं, तर बँकेचं ॲप पुन्हा पहिल्या पानावर.

वहीत पायऱ्या लिहून ठेवते. महिन्या-दोन महिन्यांत ॲपचं रूप बदलतं आणि वही खोटी पडते.

हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही. मशीनवाला बोट पुसतो, पुन्हा ठेवायला लावतो, रांग मागे खोळंबते.

शेवटचा प्रश्न शीर्षकातला. कोणाच्या घरी हे सुटलं असेल तर सांगा.

हिंजवडीचा मिरजकर

काकू, पहिल्या दोन गोष्टी फोनच्या सेटिंगमध्ये सुटतात. तुमच्या हाताचा दोष नाही. फोन आल्यापासून जलद बोटांच्या हिशोबाने लावलेला असतो.

सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी असा भाग आहे. त्यात "टच अँड होल्ड डिले" शोधा. सॅमसंग असेल तर "इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी"मध्ये मिळेल, इतर फोनवर "टायमिंग कंट्रोल्स"मध्ये. ते शॉर्टवर असतं, लाँग करा. म्हणजे बोट जास्त वेळ टेकलेलं असेल तेव्हाच फोन त्याला "दाबून धरलं" मानेल. तुमची खुणांची आणि कचऱ्याच्या डब्याची कटकट बरीच कमी होईल.

तिथेच "टाइम टू टेक ॲक्शन" आहे. ते ३० सेकंद किंवा १ मिनिटावर ठेवा. क्षणभर येऊन जाणाऱ्या पट्ट्या जास्त वेळ थांबतात. सगळी ॲप्स ते पाळत नाहीत, पण फरक पडतो.

ओटीपीसाठी: पट्टी आली की तिच्यावर "कॉपी" असं येतं का बघा, त्यावर टेकवा. मग बँकेच्या चौकोनात बोट मुद्दाम दाबून धरा आणि "पेस्ट". बऱ्याचदा तो आकडा कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर आपोआप दिसतो, तिथे नुसतं टेकवलं तरी भरला जातो. आणि मेसेजमध्ये जावंच लागलं तर परत येताना बँकेचं चित्र पुन्हा उघडू नका. खालून वर बोट सरकवून थांबा, नाहीतर तीन रेघांचं बटण दाबा. उघडी असलेली ॲप्स पत्त्यांसारखी दिसतील, त्यातून बँकेचं पान निवडा.

कधीकधी बोट टेकवूनही काहीच होत नसेल तर हात कोरडे पडलेत का बघा. काचेला बोटातून जाणारी बारीकशी वीज लागते, कोरड्या कातडीतून ती नीट जात नाही. थोडं क्रीम चोळून हात पुसले की काम होतं. जाड स्क्रीन गार्ड असेल तर बदला. सॅमसंगमध्ये डिस्प्लेखाली "टच सेन्सिटिव्हिटी" चालू करायची सोयही आहे.

बुधवारचा वर्ग (नाशिक)

मी निवृत्त गणित शिक्षक. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर बुधवारी मोबाइलचा वर्ग घेतो. तुमच्या त्या शेजारी बसणाऱ्या बाईंबद्दल वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण आमच्या वर्गाचा एकच कडक नियम आहे: शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. सुट्टीत कॉलेजची मुलं मदतीला येतात, त्यांना हे सर्वांत अवघड जातं. बोलून सांगायला लागलं की त्यांच्याच लक्षात येतं, आपण काय दाबतो ते आपल्यालाही शब्दांत सांगता येत नाही. "ते, ते, वरचं" म्हणतात. वरचं म्हणजे कुठलं? कसलं चित्र, कुठला रंग, कोणत्या कोपऱ्यात? हे सांगता यायला लागलं की समोरचा शिकतो.

तुमच्या मुलाला समोरासमोर सांगायला जड जात असेल तर फोनवर शिकायला लागा. तो पुण्यात, तुम्ही सांगलीत, त्याचा हात पोचतच नाही. व्हिडिओ कॉलसुद्धा नको, साधा कॉल स्पीकरवर. तुम्ही स्क्रीनवर दिसतं ते वाचून दाखवा, तो पुढचं सांगेल. तुम्ही तर जन्मभर आवाजावर काम केलंय, तुम्हाला हे आमच्यापेक्षा चांगलं जमेल. एका कॉलला एकच काम घ्या. आणि काम झालं की त्याच दिवशी ते पुन्हा एकदा एकटीने करा.

वहीबद्दल. आमच्याकडेही सगळ्यांच्या वह्या आहेत आणि सगळ्यांची हीच तक्रार. आता मी लिहायला सांगतो ते वेगळं. "उजवीकडे वर तीन टिंबं, मग चौथी ओळ" असं लिहिलं तर नवीन रूपात ते निरुपयोगी. त्याऐवजी "मला मागच्या महिन्याचा हिशोब बघायचा आहे, त्यासाठी हिस्टरी किंवा स्टेटमेंट असं काहीतरी शोधायचं" असं लिहा. जागा बदलते, पण त्या बटणाचं काम सहसा बदलत नाही. शोधायची चौकट बहुतेक ठिकाणी असते, ते भिंगाचं चित्र. तिथे बोलूनही शोधता येतं.

सुरुवात पैशाच्या ॲपपासून कधीच करू नये. घरची मंडळी नेमकी तिथूनच करतात, कारण बिल भरायचं असतं. तिथे चुकीला जागा नसते, घड्याळ चालू असतं आणि हात थरथरतो. आमच्याकडे पहिले काही बुधवार फोटो काढणं, फोटो कापणं, नकाशावर आपलं माहेरचं गाव शोधणं. एका आजींनी उपग्रहाच्या चित्रात आपल्या गावचा ओढा शोधून काढला आणि तो बोटाने मोठा करत करत त्या विहिरीपर्यंत गेल्या. दोन बोटांनी मोठं-लहान करणं त्यांना पुन्हा कधी शिकवावं लागलं नाही. तुम्ही कृष्णेच्या पातळीपासून सुरुवात करा. रोज सकाळी बघायची गोष्ट आहे, हात आपोआप बसेल.

वर्गात एक गोष्ट सारखी दिसते ती इथे लिहून ठेवतो. अनेक बायकांच्या खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला असतो. फोन दोघांत एक. तो गृहस्थ असतो तोवर काही अडत नाही.

नोकरी करणारी सून (ठाणे)

काकू, रागावू नका, पण दुसरी बाजूही लिहावीशी वाटते. माझ्या सासूबाईंचा फोन मीच हातात घेते. सकाळी साडेसातची लोकल असते. गॅसचा नंबर लावायचा असतो, ओटीपी काही मिनिटांत संपतो, त्या चष्मा शोधत असतात. शिकवायला नको असं नाही, पण त्या क्षणी काम होणं गरजेचं असतं. आणि खरं सांगू, भीतीही आहे. आमच्या इमारतीत एका काकांना पोलिसांच्या वेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला, "डिजिटल अरेस्ट" म्हणून त्यांना खोलीत बसवून ठेवलं. बरीच रक्कम गेली. तेव्हापासून सासूबाईंच्या फोनवर बँकेचं ॲप ठेवायलाच धजावत नाही. शिकवून मोकळं केलं आणि उद्या काही झालं तर?

एक्स्चेंजवाली (सांगली)

ठाण्याच्या सूनबाई, रागवायचं काय त्यात. लोकलची वेळ मला कळते. मी पण ड्यूटी सांभाळून मुलं वाढवलीत. माझं म्हणणं एवढंच, घाईची कामं तुम्ही करा, पण बिनघाईचं एखादं त्यांच्याकडे राहू द्या. रविवारी लाइटचं बिल त्यांनी भरायचं, तुम्ही शेजारी बसायचं.

त्या काकांचं वाचून वाईट वाटलं. पण मला सांगा, तो कॉल ज्याला ॲप येत नाही त्यालाही येतोच. आपल्या फोनवर काय घडू शकतं आणि काय नाही, हे ज्याला माहीत आहे तोच अशा वेळी ठेवून देईल. माहिती नसलेल्या माणसाला घाबरवणं जास्त सोपं.

मिरजकर, टच अँड होल्ड सापडलं. माझ्या फोनवर मीडियम होतं, लाँग केलं. फार फरक पडला हो! फोटोंवर खुणा येणं जवळजवळ थांबलंच. इतकी वर्षं मी बोटाला दोष देत होते. हे फोन विकणाऱ्याने दुकानातच का सांगू नये?

गुरुजी, मुलाला साधा कॉल करून स्पीकरवर शिकायचं हे डोक्यात आलंच नव्हतं. आज रात्री करून बघते.

निवृत्त कॅशियर (कोल्हापूर)

बँकेत नोकरी झाली, बरीच वर्षं खिडकीवर. पैशाचं आणि दाखल्याचं मी सांगतो.

ठाण्याच्या ताईंची भीती खरी आहे, पण ॲप काढून टाकणं हा उपाय नाही. वेगळं छोटं खातं काढा. पेन्शन आणि ठेवी जुन्या खात्यात, तिथे यूपीआय जोडूच नका. छोट्या खात्यात दोन-तीन हजार ठेवा आणि शिकायचं ते त्यावर. किंवा यूपीआय लाइट घ्या: त्यात एका वेळी ५,००० पर्यंतच शिल्लक ठेवता येते आणि एक व्यवहार १,००० पर्यंतच होतो. भाजीवाल्याला, रिक्षाला तेवढं पुरतं. जायचे ते तेवढेच, म्हणून माणूस मोकळेपणाने शिकतो.

कायद्यात "डिजिटल अरेस्ट" असं काहीही नाही. पोलीस, सीबीआय किंवा कोर्ट कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये "मन की बात"मध्येही हे सांगितलं होतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो. आणि कोणी "मदत करतो, हे ॲप टाका" म्हणून आपली स्क्रीन त्याला दिसेल असं काही टाकायला लावलं तर फोन बंद.

तरीही पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि लगेच बँकेला. लाज बाळगून दोन दिवस घालवू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा, की आपली चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि आपण ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर भुर्दंड येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून घरच्यांनी आधी ओरडू नये. ओरडा बसेल म्हणून लपवणारी माणसं मी खिडकीवर पाहिली आहेत, आणि तोवर पैसे चार खाती फिरून गेलेले असतात.

एक्स्चेंजवाल्या ताई, तुमच्या अंगठ्याचं. वयाने ठसे झिजतात, त्यात धुणीभांडी, मशीन ते ओळखत नाही. हयातीचा दाखला आता चेहऱ्यावरून होतो, २०२१ पासून ही सोय आहे. अँड्रॉइड फोनवर "आधार फेस आरडी" आणि "जीवन प्रमाण" ही दोन ॲप्स टाकायची. आधी ऑपरेटर म्हणून, म्हणजे ज्याच्या फोनवरून दाखला होणार त्याची, नोंद करायची, ती तुमची स्वतःचीही चालते. मग पेन्शनरची माहिती: आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, खाते नंबर. त्यानंतर चेहरा गोलात धरायचा आणि सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे. उजेड चेहऱ्यावर समोरून हवा, खिडकीकडे पाठ करून बसलात तर होत नाही. चष्म्यावर चकाकी येत असेल तर काढून ठेवा. झालं की मेसेजवर प्रमाण आयडी येतो, तो वहीत उतरवा. एका फोनवरून अनेकांचे दाखले करता येतात. केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची मुदत असते, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस-९५ वाल्यांनी, म्हणजे पीएफ कार्यालयाची पेन्शन घेणाऱ्यांनी, वर्षात कधीही द्यावा, तिथून बारा महिने चालतो.

आणि ज्यांना हे काहीच करायचं नाही त्यांनाही हक्क आहे. ७० च्या पुढच्यांना घरपोच मूलभूत बँक सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, पोस्टमनही घरी येऊन दाखला करतो. "ॲपवर करा" म्हणून कोणी खिडकीवरून परत पाठवत असेल तर शाखाधिकाऱ्याला लेखी द्या. शिकणं ही आपली इच्छा असली पाहिजे. सक्ती झाली की माणूस घाईने शिकतो आणि घाईतच फसतो.

एक्स्चेंजवाली (सांगली)

कॅशियर साहेब, फार उपयोग झाला. दाखल्याची दोन्ही ॲप्स टाकली आहेत. आमच्या वाड्यात आणि मागच्या गल्लीत मिळून बऱ्याच पेन्शनर बाया आहेत, माझा दाखला झाला की त्यांचेही माझ्याच फोनवरून करणार. ऑपरेटर म्हणून नोंद करायला मला आवडेलच!

मुलाशी काल स्पीकरवर शिकले. लाइटचं बिल भरलं, सगळं माझ्या बोटाने. सुरुवातीला तो दोनदा म्हणाला, "राहू दे, मी इथून भरतो." मी म्हटलं, "तू फक्त बोल." नंतर तोच विचारायला लागला, आता काय दिसतंय, आता काय दिसतंय. पुढच्या बुधवारी पातळीचं पान शोधायचं ठरलंय.

गुरुजींनी नवऱ्याच्या नंबराचं लिहिलं ते वाचून शेजारणीकडे गेले. तिचे यजमान गेल्या वर्षी वारले. खातं जोडनावाचं, ओटीपी अजून त्यांच्याच नंबरवर, आणि ते सिम ड्रॉवरमध्ये बिनरिचार्जचं पडलंय. तिने काय करावं?

निवृत्त कॅशियर (कोल्हापूर)

आधी आजच्या आज त्या सिमला रिचार्ज मारा आणि कुठल्यातरी फोनमध्ये घालून चालू ठेवा. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते आणि मग बँकेचे मेसेज परक्या माणसाकडे जायला लागतात.

मग मृत्यूचा दाखला, स्वतःचं आधार आणि पासबुक घेऊन बाईंनी स्वतः शाखेत जावं. खात्यावरून यजमानांचं नाव कमी करण्याचा आणि मोबाइल नंबर बदलण्याचा, असे दोन वेगळे अर्ज द्यावेत, पोच घ्यावी. त्यांच्या स्वतःच्या आधारला तोच नंबर असेल तर तो आधार केंद्रावर बदलावा लागेल, गॅस आणि रेशनलाही बघा. सगळीकडे नवा नंबर लागला, त्यावर एकेक ओटीपी येऊन गेला, याची खात्री झाल्यावरच जुनं सिम सोडा. सिम नावावर करून घ्यायचं असेल तर कंपनीच्या दुकानात मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं दाखवून होतं.

अर्जावर नंबर लिहिताना त्यांचा स्वतःचा लिहायला सांगा, मुलाचा नको.